वाणसामानाची फेरी वेगळी, मुलासोबतची फेरी वेगळी

ठाण्यात राहणाऱ्या एका आईने पुढील अडचण मांडली आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी चौघे मिळून मोठ्या सुपरमार्केटमध्ये महिन्याचे वाणसामान भरायला जातात, त्यात दीड-दोन तास जातात, आणि बिलाच्या रांगेत उभे राहिले की मुलगा चॉकलेटसाठी जमिनीवर लोळण घेतो. मागच्या महिन्यात रांगेतल्या लोकांच्या नजरा सहन न होऊन त्यांनी ते चॉकलेट घेऊन दिले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरांना तिथे नेताच कशाला?" मुलांना न्यावे की नाही, मुलगा रडू लागला की नेमके काय करावे आणि मुलीला ट्रॉलीत बसवणे कितपत सुरक्षित आहे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

लहान मुलांच्या वाढीचे आणि वर्तनाचे प्रश्न घेऊन येणाऱ्या कुटुंबांसोबत मी वीस वर्षांहून अधिक काळ काम करीत आहे, आणि हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात माझ्याकडे सतत येतो. माझे उत्तर असे आहे की मुलाला सुपरमार्केटमध्ये अवश्य न्यावे, पण त्या रविवारच्या फेरीला नेऊ नये. महिन्याचे सामान भरणे हे एक काम आहे आणि मुलाला बाजार दाखवणे हे दुसरे. दोन्ही एकाच फेरीत उरकायला गेले की यादीतल्या चार वस्तू राहून जातात आणि मूलही रडवेले होते.

मुलाचे वागणे समजण्यासाठी आधी दुकान समजून घ्यावे लागते. आपल्या लहानपणीच्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे असे. आई यादी वाचायची, वाणी पुड्या बांधायचा, आणि मुलाच्या नजरेत भरणारी मोहाची वस्तू म्हणजे गोळ्यांची एखादी बरणी. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून, स्वतःच्या हाताने माल उचलावा ही पद्धत अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी आपल्या दुकानात सुरू केली. पुढे हातातली टोपली जड झाली की माणसे खरेदी थांबवतात हे पाहून ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ साली चाकांची ट्रॉली आणली. हात पुढे करायला लावणे हाच या दुकानांचा पाया आहे, आणि साडेतीन वर्षांचे मूल दिसेल ते उचलते तेव्हा ते या रचनेला अगदी सरळ प्रतिसाद देत असते. आपण मोठी माणसे दहा वस्तू पाहून नऊ सोडून देतो, कारण स्वतःला आवरण्याची क्षमता आपल्यात तयार झालेली असते. ती क्षमता मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित आहे आणि त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. शिवाय कोणीतरी आपल्याला काही विकू पाहत आहे हा जाहिरातीमागचा हेतू सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना नीट उमगत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचे कार्टून दिसले की त्यांना ओळखीचा मित्र भेटल्यासारखे वाटते.

बिलाच्या रांगेतली मांडणी हा केवळ तुमच्या घरचा प्रश्न नाही. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून जास्त साखर, मीठ आणि स्निग्धांश असलेले ठरावीक पदार्थ मोठ्या दुकानांच्या दाराशी, मांडण्यांच्या टोकांना आणि बिलाच्या काउंटरजवळ ठेवण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने मोठ्या दुकानांतील बिलाच्या रांगांपुरता असाच नियम त्याआधी, २०२० साली, मंजूर केला होता. आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार असे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, म्हणजे मुलांच्या नजरेच्या टप्प्यात काय असावे हा विचार आपल्या कायद्यालाही परका नाही. तुमच्या मुलाची लोळण ही तुमच्या संगोपनातील उणीव समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता त्या रविवारच्या संध्याकाळकडे मुलाच्या बाजूने पाहा. दुपारची झोप बहुधा अपुरी, संध्याकाळच्या खाण्याची वेळ टळलेली, दिवे प्रखर, गाणी आणि घोषणा चालू, चहूकडे मोठ्या माणसांचे पाय आणि ट्रॉल्या. दीड तास त्याला "हात लावू नकोस", "इकडे ये", "थांब" याखेरीज फारसे काही ऐकायला मिळालेले नाही. आणि मग त्याला सर्वांत अवघड गोष्ट करायला सांगितली जाते, ती म्हणजे एका जागी उभे राहणे, तेही बरोबर चॉकलेटांसमोर. मोठ्या माणसाचीही चिडचिड होईल अशी ही स्थिती आहे.

म्हणून महिन्याची मोठी खरेदी मुलांशिवाय करा. तुमच्यापैकी एकाने आठवड्यातल्या एखाद्या सकाळी दुकान उघडताच जावे, दुसऱ्याने किंवा आजीने मुलांजवळ राहावे. तेल, डाळी, साबण असे ठरलेले जड सामान घरपोच मागवता येत असेल तर तसे करावे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच कामासाठी एक चांगली पद्धत चालवत आली आहे. शेजारपाजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी लेखी नोंदवतात आणि एकत्र आलेले सामान आपसांत वाटून घेतात. ठाण्यातही अशा संघांची परंपरा आहे, तेव्हा चौकशी करून पाहण्यासारखे आहे. माझ्या ओळखीच्या घरांत या वाटपाच्या दिवशी मुले पिशव्यांची तोंडे धरून उभी राहत, आणि साखर किती, रवा किती, हे त्यांना कोणी मुद्दाम शिकवावे लागले नाही.

मुलासोबतची फेरी याहून वेगळी आखावी लागते. आठवड्याच्या मधला एखादा दिवस निवडावा, गर्दी नसलेली वेळ घ्यावी, मुलाचे पोट भरलेले असावे, शी-शू झालेली असावी, आणि घ्यायच्या वस्तू पाच, फार तर सहा असाव्यात. दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये. त्याची स्वतःची यादी असू द्यावी. वाचता येत नसल्याने ती चित्रांची करावी लागेल, आणि त्यासाठी संपलेल्या चहापुडीचा, पोह्यांच्या आणि अंगाच्या साबणाच्या वेष्टनाचा तुकडा कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. मूल तो पुठ्ठा हातात धरून मांडण्यांमधून फिरते, तुकडा आणि पुडा जुळवून पाहते, वस्तू सापडली की स्वतः पिशवीत टाकते. हात लावू नको म्हणण्याऐवजी कशाला हात लावायचा हे आपण सांगितलेले असते, आणि हातांना काम मिळाले की ते इतरत्र कमी जातात.

या पंचवीस मिनिटांत जेवढी भाषा मुलाच्या कानांवर पडू शकते तेवढी घरातल्या खेळण्यांच्या ढिगाऱ्यातून पडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. सुट्या धान्याच्या पिंपांपाशी थांबा. तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी ही नावे सावकाश घ्या. अख्खे आणि भरडलेले, सालाचे आणि बिनसालाचे, खरखरीत आणि गुळगुळीत हे शब्द त्या त्या दाण्याला बोट लावून वापरा. अख्खा मसूर बाहेरून तपकिरी आणि आतून केशरी असतो हे पाहून एका चार वर्षांच्या मुलीने तिच्या आईला विचारले होते, "याने आत रंगीत झबलं घातलंय का?" आईने तो प्रश्न मला येऊन सांगितला तेव्हा तिचा चेहरा आनंदाने फुललेला होता. ही मुलगी उशिरा बोलू लागली म्हणून वर्षभरापूर्वी माझ्याकडे आली होती. कोथिंबीर आणि मेथी यांच्या जुड्या डोळे मिटून वासावरून ओळखायला लावा. दुधी आणि लाल भोपळा दोन हातांत देऊन जड कोणता ते विचारा, मग वजनकाट्यावर ठेवून त्याचे उत्तर त्यालाच पाहू द्या. चार लिंबे मोजून घेऊ द्या. साडेतीनाव्या वर्षी पाठ केलेले आकडे पुष्कळ मुलांना येतात, पण "चार" म्हणजे हातात आलेली चार लिंबे, हा मेळ अशा मोजण्यातूनच बसतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया परिसरात झालेले आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. संशोधकांनी सुपरमार्केटमध्ये दुधाजवळ आणि भाज्यांजवळ साधे फलक लावले, ज्यांवर गाईपासून आणखी काय मिळते, तुझी आवडती भाजी कोणती, असे मुलांशी बोलायला सुचवणारे प्रश्न होते. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील दुकानांत हे फलक असताना पालक आणि मुले यांच्यातील बोलणे लक्षणीय वाढले. मध्यम उत्पन्नाच्या वस्तीत तसा फरक दिसला नाही. महागडे वर्ग किंवा साहित्य न घेताही, केवळ एका प्रश्नाच्या आधाराने पालक मुलाशी अधिक बोलू लागतो, ही गोष्ट आपल्याकडच्या पालकांपर्यंत पोहोचायला हवी असे मला मनापासून वाटते. तुम्हाला फलकाची गरज नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन प्रश्न मनात ठरवून ठेवले तरी पुरते.

खाऊचा निर्णय घराच्या उंबऱ्यावर व्हावा. "आज पाच वस्तू आणायच्या आहेत. एक खाऊ तू निवडायचा, दहा रुपयांचा" किंवा "आज खाऊ आणायचा नाही, घरी चिक्की आहे", यांपैकी जे असेल ते स्पष्ट सांगावे, त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे, आणि दुकानाच्या दाराशी पुन्हा आठवण करून द्यावी. खाऊ घ्यायचा असेल तर तो सुरुवातीलाच घेऊन पिशवीत टाकावा. बिलाच्या रांगेत पोहोचाल तेव्हा निवड होऊन गेलेली असते आणि "तुझा खाऊ कुठे आहे, दाखव" एवढे म्हणता येते. पैसे दिल्याखेरीज पुडा फोडायचा नाही हा नियम पहिल्या फेरीपासून पाळावा. "गप्प राहिलास तर चॉकलेट देईन" असे मात्र म्हणू नये. ठरलेला खाऊ हा त्याचा वाटा असतो. गप्प राहण्याच्या बदल्यात दिलेला खाऊ त्याला एवढेच शिकवतो की त्याच्या रडण्याला बाजारभाव आहे.

आता रडण्याविषयी. तुम्ही मागच्या महिन्यात चॉकलेट दिलेत याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, पण त्याचा परिणाम काय होतो हे माहीत असावे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून आणि अनिश्चितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय मोडायला अधिक कठीण असते. पाचपैकी चार वेळा नकार देऊन पाचव्या वेळी दिले, तर मूल शिकते ते असे की पुरेसे रडले तर कधीतरी मिळते. त्यामुळे एकदा "नाही" म्हटल्यावर ते शेवटपर्यंत "नाही" राहील अशाच बाबतीत म्हणावे. द्यायचेच असेल तर पहिल्या मागणीला, हसून द्यावे. दुसरी गोष्ट, तुम्ही ठाम राहू लागाल तेव्हा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत रडणे वाढेल. जुना उपाय चालेनासा झाला म्हणून मूल तोच उपाय अधिक जोराने करून पाहते. याच टप्प्यावर अनेक पालक माघार घेतात आणि मोठ्या रडण्यालाही फळ मिळते, म्हणून हा टप्पा आधीच ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

प्रत्यक्ष लोळण घेतली तर त्याच्या उंचीवर खाली बसा. आवाज हळू ठेवा आणि शब्द थोडे वापरा: "तुला ते हवं होतं. राग आला आहे. आज घ्यायचं नाही." त्या क्षणी समजावणे, हिशेब सांगणे, दातांना कीड लागते हे पटवणे व्यर्थ आहे, कारण रडण्याच्या भरात त्याचे लक्ष शब्दांवर टिकत नाही. हात लावू दिला तर जवळ घ्या. नाही दिला तर जवळ बसून राहा. दोनेक मिनिटांत ओसरले नाही तर पिशवी तेथील कर्मचाऱ्याकडे सोपवून त्याला उचलून बाहेर मोकळ्या हवेत न्या. पाच वस्तूंची फेरी छोटी ठेवायची ती यासाठीही. महिन्याच्या सामानाने भरलेली ट्रॉली सोडून जाण्याचे धैर्य कोणाला होत नाही, आणि मग चॉकलेट देण्यावाचून मार्ग उरत नाही. शांत झाल्यावर शक्य असेल तर परत आत जाऊन खरेदी पुरी करा. रांगेतल्या कोणी बाई मायेपोटी "द्या हो, एवढंसं तर आहे" म्हणतील. "काकू, तो शांत होईल आता" एवढे म्हणून पुन्हा मुलाकडे वळावे. त्या क्षणी तुमचे लक्ष मुलाकडे असण्याची गरज आहे, लोकांकडे नव्हे.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगते. "ते बघ, वॉचमनकाका पकडून नेतील" आणि "तुला इथेच सोडून जाते" ही दोन वाक्ये कधीही उच्चारू नका. तुमचे मूल खरोखर गर्दीत चुकले तर त्याने मदतीसाठी जायचे ते गणवेशातल्या माणसाकडेच, आणि आपण त्याच माणसाची भीती घालून ठेवलेली असते. दुकानात शिरताना त्याला गणवेशातली माणसे दाखवा, बिल करणाऱ्या ताईंना नमस्कार करायला लावा, आणि आई दिसेनाशी झाली तर पळायचे नाही, जागीच थांबून आईचे पूर्ण नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची, हे खेळासारखे करवून घ्या. नुसत्या "आई" या हाकेला दुकानातल्या दहा बायका वळून पाहतात. आत जाण्यापूर्वी फोनवर त्याचा एक फोटो काढला की कपड्यांचा रंग आठवत बसावा लागत नाही. तुमचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवावा. मूल दिसेनासे झाले तर आधी दारावरच्या सुरक्षारक्षकाला सांगावे आणि मग शोधू लागावे. लगेच सापडले नाही तर ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक लावावा.

मुलीच्या ट्रॉलीविषयी माझे मत स्पष्ट आहे: ट्रॉलीच्या टोपलीत कोणत्याही वयाच्या मुलाला बसवू अथवा उभे करू नये. अमेरिकेतील १९९० ते २०११ या काळातील नोंदींच्या अभ्यासात पंधरा वर्षांखालील सुमारे २४,००० मुले दर वर्षी ट्रॉलीमुळे झालेल्या इजांसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणली गेल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के इजा पडल्यामुळे झाल्या होत्या आणि सर्वाधिक मार डोक्याला बसला होता. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे ते वाकले की डोक्यावरच पडते, आणि खाली बहुधा टणक फरशी असते. आपल्याकडच्या अनेक दुकानांतील ट्रॉल्यांना मुलाचे आसन नसते, आसन असले तरी पट्टा तुटलेला असतो. पट्टा धड असेल तरच आसन वापरावे आणि तेव्हाही एक हात मुलावर असावा. दहा महिन्यांच्या मुलीसाठी तुमच्या अंगाला बांधायची झोळी किंवा बाबागाडी अधिक चांगली. मोठ्या मुलाला ट्रॉलीच्या बाजूला लोंबकळू देऊ नये, कारण त्याच्या वजनाने ती एका अंगाला कलंडू शकते.

सरकत्या जिन्यावर मऊ रबरी चपला बाजूच्या फटीत अडकतात, तेथे त्याला मध्ये उभे करून हात धरावा. सुट्या शेंगदाण्यांच्या आणि फुटाण्यांच्या पिंपांतून चवीला म्हणून दाणा तोंडात घालू देऊ नये. चार वर्षांखालील मुलांमध्ये अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे. बिलाच्या काउंटरजवळ टांगलेल्या बटणाएवढ्या बॅटऱ्यांकडेही लक्ष असू द्या. तशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, म्हणून वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

रविवारच्या बाबतीत तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते त्यांना मोकळेपणाने सांगावे. मात्र बुधवारच्या छोट्या फेरीला निदान पहिल्या चार वेळा मुलीला त्यांच्याजवळ ठेवून तुम्ही एकट्या मुलासोबत जा. गेले दहा महिने त्याला आई वाटून घ्यावी लागली आहे. रांगेत चॉकलेट मागताना त्याला काय हवे होते, याचा थोडा उलगडा तुम्हाला त्या पंचवीस मिनिटांत होईल असे मला वाटते. घरी आल्यावर पिशवीतल्या वस्तू त्यालाच डब्यांपाशी नेऊ द्या, आणि मसुराचा डबा कोणता हे आजीला दाखवायला सांगा.